भिंतीकडे तोंड करून

अनुसयेने सभागृहाचं दार ओढून घेतलं आणि ओसरीत येऊन उभी राहिली. आत माणसं सतरंजीवरून उठत होती, जागा बदलत होती. कुणाचा तरी पाय कुणाच्या पायावर पडला आणि थोडं हसू झालं. मग चादरी झटकल्याचे आवाज आले. मोजणाऱ्याने हे काही पाहायचं नाही असा नेम होता. आतून टाळी वाजली की मगच दार उघडायचं.

तिने पदर खोचला.

समविद्यापीठ हे नाव भारदस्त होतं, संस्था तेवढी नव्हती. लकडगंजातलं एका सागवानवाल्याचं जुनं गोदाम, त्यात मधे मधे भिंती घालून केलेले वर्ग, आणि अजूनही कोपऱ्याकोपऱ्यातून येणारा भुशाचा वास. सरकारदरबारी ते साधं कॉलेजही नव्हतं. पण स्वातंत्र्याच्या वर्षी ते सुरू झालं तेव्हा नागपुरात दुसरीकडे मिळत नव्हतं ते इथे मिळायचं. पाचपावलीच्या विणकरांची मुलं, छापखान्यात खिळे जुळवणारे, लग्न झालेल्या बायका, इंदोऱ्याच्या वस्तीतली महार पोरं, सगळी एका सतरंजीवर बसायची. व्यासपीठ नव्हतं. शिपाई नत्थूजींच्या मताला प्राचार्यांच्या मताएवढंच वजन होतं. आणि प्राचार्यांची खुर्ची फिरती होती. काही वर्षं एकाकडे, मग जो पुढचा त्याच्याकडे. दोघांकडे फिरून ती पुन्हा संस्थापक मनोहरराव पिंपळापुरे यांच्याकडे आली होती आणि यंदा अनुसयेकडे यायची होती.

मतं मोजायचं काम मात्र फिरत नव्हतं. ते पहिल्या दिवसापासून मनोहररावांकडेच होतं.

मोजायची रीतही त्यांचीच. पहिल्याच वर्षी प्रश्न निघाला की दुपारचं जेवण सगळ्यांनी एका पंगतीत घ्यायचं की नाही. मनात होतं पुष्कळांच्या, पण हात वर करायची हिंमत नव्हती. बातमी घरी गेली तर घरात घेणार कोण? तेव्हा मनोहररावांनी सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं, प्रत्येकाला डोक्यावरून एकेक पांढरी चादर पांघरायला दिली आणि म्हणाले, "चादरीच्या आतूनच हात वर करा. मी मागे उभा आहे. मला हात दिसतील, माणूस दिसणार नाही." त्या दिवशी पांढऱ्या चादरींचे उंचवटेच उंचवटे झाले म्हणतात. पंगत एक झाली. अनुसया तेव्हा विद्यार्थिनी होती, चादरीखाली होती, आणि चादरी तिच्या आईच्या, सखूबाईच्या, मागावरच्या होत्या. दर वर्धापनदिनाला नव्या मुलांना ही गोष्ट अनुसयाच सांगे. ऐकताना मुलं टाळ्या वाजवायला विसरत, इतकी ती रंगवून सांगे. या गोष्टीपायी तिने सरकारी शाळेची पक्की नोकरी सोडली होती.

आता नागपूरची राजधानी गेली होती आणि कागद मुंबईला जात होते. मुंबईहून उत्तर आलं की मान्यता पाहिजे तर प्राचार्य कायमचा पाहिजे, फिरता चालायचा नाही; म्हणजे खुर्ची मनोहररावांकडेच राहणार. मनोहरराव सभेत म्हणाले होते, "माझं विचाराल तर खुर्ची फिरलीच पाहिजे. नाही मिळाली मान्यता तर नाही. पण ठरवायचं सभेने." आणि मग, "आज प्रश्न माझ्या खुर्चीचा आहे. मी मोजणं शोभायचं नाही. अनुसया मोजेल. जे व्हायचं ते तिच्या डोळ्यांदेखत होऊ दे."

केवढं मोठं मन, असं तेव्हा तिला वाटलं होतं.

टाळी वाजली. तिने दार उघडलं.

समोर चुन्याने रंगवलेली भिंत, आणि भिंतीपुढे ओळींनी बसलेल्या पांढऱ्या चादरी. तिने घसा साफ केला.

"खुर्ची फिरती राहावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावा."

ती थांबली. आणि थांबल्या थांबल्या तिच्या लक्षात आलं की हे सगळे तिला दिसताहेत. चादरी नाही, माणसं. उजवा खांदा पडलेले ते गोपाळराव. मान एका बाजूला कलती ठेवणारी चारुशीला. पाठीला बाक आलेले नत्थूजी. डावा गुडघा वाकत नाही म्हणून एक पाय लांब करून बसलेले मनोहरराव. ती पाचपावलीत एका खोलीत वाढली होती. तिथे रात्री सगळी डोक्यावरून पांघरूण घेऊन ओळीने झोपत, आणि अंधारात उठून पाणी प्यायला जाणाऱ्याला कोण कुठे आहे हे कधी विचारावं लागत नसे.

एक उंचवटा वर झाला. पाय लांब करून बसलेल्या चादरीचा.

ती वाट पाहत राहिली. चारुशीलेची मान आणखी थोडी कलली. नत्थूजी हलले, पण ते पाठ खाजवायला. बाकी भिंतीपुढे सगळं शांत होतं. ही तिची माणसं होती. यांच्या बाळंतपणांना ती गेली होती, यांच्या आजारपणात तिने यांचे तास घेतले होते. नेमाप्रमाणे आकडा सांगायचा होता.

"एक," ती म्हणाली.

चादरी खाली आल्या. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. मनोहरराव हळूच उठले आणि मान हलवत म्हणाले, "वाईट झालं. पण सभेचा निर्णय."

सगळ्यात आधी चारुशीला आली. ती मराठी शिकवायची आणि अनुसयेची जिवाची मैत्रीण होती. वर्गाच्या दाराआड तिने अनुसयेचा हात धरला.

"अनू, कोणाले सांगू नको वं. तो एक हात माहाच होता."

तिचे डोळे भरले होते. खोटं बोलतानाही खरंच भरले होते, हे अनुसयेला सहन होईना.

"हो," ती म्हणाली.

मग नत्थूजी आले. घंटा देऊन झाल्यावर हातोडी तशीच हातात.

"बाई, मले तं लय वाईट वाटून राहिलं. तुमच्यासाठी हात वर करणारा मी एकलाच निघालो ना. एवढी मोठी शिकली-सवरली मानसं, पण एकानं हिंमत नाही केली."

"तुम्ही केली, नत्थूजी."

"मी तं करणारच ना, बाई."

संध्याकाळपर्यंत गणिताचे, इंग्रजीचे, ग्रंथालयाचे, जो तो एकेकटा गाठून सांगून गेला की तो एक हात त्याचा होता. एका हाताला इतके धनी निघाले. मांजर डोळे मिटून दूध पितं आणि समजतं की जगाचेही डोळे मिटलेत. यांनी तर वरून चादरही घेतली होती. एरवी अनुसयेला हसू आलं असतं. त्या दिवशी प्रत्येकाला "हो" म्हणताना तिला एकेक माणूस आपल्यापासून सुटत चालल्यासारखं वाटलं. एक मनोहरराव तेवढे तिच्या बाजूचे राहिले होते आणि ते काही सांगायला आले नव्हते. मनातल्या मनात तिने त्यांना नमस्कार केला.

घरी सखूबाई मागावर बसली होती. तिने धोटा थांबवला नाही.

"झाली का वं मोठी मास्तरीण?"

"नाही, माय. एकच हात वर झाला."

"कोनाचा?"

"चादरीत काय दिसते, माय?" अनुसयेने तोंड फिरवलं. गुपित ते गुपित.

"दिसत नाही म्हणते! बंगल्यातल्या लोकायले नसंल दिसत, जो तो आपापल्या खोलीत झोपते. तुम्ही सहा जण होते, पांघरुनातून कोनाचं बोट निघालं तरी सांगो मी." सखूबाईने धोटा जोरात फेकला. चादरी तिनेच विणल्या होत्या आणि त्यांचं हे असं झालेलं तिला आवडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गोपाळराव भेटले. संस्कृतचे मास्तर. तिरसट माणूस, अनुसयेशी त्यांचं कधी फार जमलं नव्हतं. ओसरीच्या खांबाला टेकून ते पानाला चुना लावत होते. तीही थांबली, यांचं तेवढं ऐकायचं राहिलं होतं.

"बाई, मी हात वर नाही केला," ते म्हणाले. "सांगून टाकतो. उगा मनात नको."

ती पाहतच राहिली. "काहून सर?"

"भेव वाटला." त्यांनी पान दुमडलं. "सभागृहाले देणगीवाल्या गुलाबचंद शेटचं नाव द्याचं होतं, त्या वेळेस केला होता मी वर. नको म्हणून. दोनच हात होते, माहा अन् रामाजीचा. रामाजीनं मले मागून सांगितलं. पुढच्या महिन्यात रामाजीचा पदार्थविज्ञानाचा विषयच बंद झाला. मानूस घरी गेला. अन् मले, संस्कृतच्या मानसाले, जमाखर्चाचा तास देल्ला. तीन वर्षं जमाखर्च शिकवला मी, बाई. मले अजूनही येत नाही."

"योगायोग असंल."

"असंल. मी तं बायकोलेही नव्हतं सांगितलं, मंग मनोहररावायले कोन सांगणार? पण आता मान्यता येईल, पक्क्या नेमणुका होतील, अन् त्या करणारा प्राचार्य कायमचा राहील. माह्या दोन पोरी लग्नाच्या हायेत. चादर अंगावर होती तरी हातच उचलला नाही, बाप्पा."

पान तोंडात टाकून ते निघून गेले. काल इतके जण गोड बोलून गेले, पण तिला बरं वाटलं ते आत्ता.

मनोहररावांनी तिला दुपारी खोलीत बोलावलं. धरमपेठेतल्या घरून त्यांचा चहा थर्मासमधून येई. त्यांनी स्वतः तिला कप भरून दिला, बशी तिच्यापुढे सरकवली.

"मनाला लावून घेऊ नकोस, अनुसया. माणसं भित्री असतात. आपण त्यांच्यासाठी संस्था उभी करतो, धैर्य कुठून आणून देणार?"

"हो सर."

"तू सोडून जाण्याचा वगैरे विचार करू नकोस. मुलं तुझ्याकडे पाहून येतात. वर्धापनदिन आलाच आहे. ती पंगतीची गोष्ट तूच सांगायची. तुझ्यासारखी ती कुणाला जमत नाही." ते किंचित पुढे वाकले, आवाज मायेचा झाला. "आणि निदान माझा हात तरी पाहिलास ना?"

"पाहिला, सर," ती म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली.

ते समाधानाने मागे टेकले.

कप खाली ठेवून ती बाहेर आली, पायऱ्या उतरली आणि नळाशी हात धुवायला वाकली तेव्हा ते तिच्या ध्यानात आलं. चारुशीला, नत्थूजी, बाकी सगळे तिला सांगायला आले होते. कारण आपण दिसलो नाही अशी त्यांची खात्री होती. मनोहररावांनी सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, पाहिलास ना? मागे उभ्या असलेल्याला चादरीतलं माणूस ओळखू येतं, हे त्यांना ठाऊक होतं. आणि ते कळायला मागे उभं राहावं लागतं. तिच्याआधी त्या जागी दुसरं कुणी कधी उभं राहिलंच नव्हतं.

नळ वाहत राहिला. रामाजी. गोपाळरावांचा जमाखर्च. ती एकेक सभा आठवत गेली आणि सभेनंतर कोण वर चढलं, कोण गळालं तेही. मग तिला स्वतःचा हात आठवला. तो दरवेळी सरांना हवा तेव्हाच वर गेला होता, भक्तीने गेला होता. शिकायला आलेल्या विणकराच्या पोरीला शिकवायला बोलावून घेतलं ते कशासाठी, हा प्रश्न तिला आजवर पडला नव्हता. तो आता पडला. खुर्ची गेली याचं दुःख याच्यापुढे काहीच नव्हतं. आपण वर्षानुवर्षं मुलांपुढे उभं राहून, डोळ्यांत पाणी आणून जे सांगितलं ते खोटं होतं, आणि ज्याने ते सांगायला शिकवलं त्याला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि काल वर झालेला तो एकुलता एक हात? बाकी एकही उठायचा नाही याची खात्री असल्यावर असा हात वर करायला काय जातं?

तिने नळ बंद केला. कुणाला काही सांगितलं नाही. सांगून पटलं नसतं, आणि नेमही मोडला असता.

पोळा तोंडावर आला असताना वर्धापनदिन आला. नवी मुलं-मुली ओसरीत दाटीने उभी होती. जुलैपासूनच काय ती आलेली. अजून एकमेकांची आडनावंही नीट पाठ नव्हती. अनुसया त्यांच्यापुढे उभी राहिली आणि तिने पंगतीची गोष्ट सांगितली, नेहमीसारखीच. शेवटी म्हणाली, "यंदा ती नुसती ऐकायची नाही. पाहायची."

शिक्षकांना गंमत वाटली. सगळे आत गेले, दार लागलं, जागा बदलल्या, चादरी झटकल्या गेल्या. मनोहरराव मुलांबरोबर ओसरीत थांबले. मोजणारे तेच होते. त्यांनी अनुसयेकडे कौतुकाने पाहिलं.

टाळी वाजली. सगळी आत आली. भिंत, भिंतीपुढे पांढऱ्या ओळी.

"सर इथे उभे होते," अनुसया म्हणाली. "इथून त्यांना फक्त चादरी दिसल्या. कोण कुठे बसलंय ते कळायला मार्ग नव्हता. हो ना सर?"

"अर्थात," मनोहरराव म्हणाले. "त्यावरच तर सगळं उभं आहे."

"आता तुम्ही सरांच्या जागी आहात," ती मुलांना म्हणाली. "बघा बरं, कोणी ओळखू येतं का."

मुलं आधी बुजली. मग मागून एक मुलगी हसू दाबत म्हणाली, "ते गोपाळराव सर. खांदा पाहा ना!"

"चारुशीलाबाई! मान बघा कशी!"

"नत्थूजी, नत्थूजी! ते कोपऱ्यात!"

मग आवरेना. नावं एकावर एक पडू लागली, मुलं बोटं दाखवत होती, टाळ्या देत होती. गणिताचे मास्तर, इंग्रजीचे, ग्रंथपाल. दीड महिना यांना पाहिलेली पोरं, पण एक नाव चुकलं नाही. सुरुवातीला चादरींखालूनही हसण्याचे आवाज येत होते. हळूहळू ते थांबले.

"पुरे आता," मनोहरराव म्हणाले.

मुलं गप्प झाली. चारुशीलेने चादर खाली ओढली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिने अनुसयेकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. एकेक चादर उतरत गेली. माणसं भिंतीकडून वळली, सतरंजीवर बसल्या बसल्याच. अनुसयेकडे पाहायची कुणाची छाती नव्हती. त्यांनी मनोहररावांकडे पाहिलं.

गोपाळराव उठून उभे राहिले. चादर खांद्यावर तशीच होती.

"मनोहरराव," त्यांनी विचारलं, "गुलाबचंदच्या पाटीच्या वेळेस रामाजी कुठं बसला होता?"

"मला काय माहीत? आणि इतक्या वर्षांनी ते कुणाला आठवणार," मनोहरराव म्हणाले. आवाज अगदी नेहमीचा होता. पण बोलता बोलता त्यांची नजर खिडकीखाली गेली, जिथे फरशी थोडी खचली आहे तिथे, आणि क्षणभर तिथेच राहिली.

सगळ्यांनी त्या फरशीकडे पाहिलं. तिथे आज कुणी बसलं नव्हतं.

अनुसयेने वाकून आईच्या हातची एक चादर उचलली, टोकाला टोक जुळवलं आणि घडी घालायला घेतली.